शितावरून भात कळतो, माणूस नाही

शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण आपल्या घराघरांत आहे आणि स्वयंपाकघरात ती खरीही आहे. पातेले एक, तांदूळ एक, पाणी एक, खालची आच एक. म्हणून एक शीत दोन बोटांत दाबून पाहिले की साऱ्या भाताचा अंदाज येतो. पण हीच म्हण आपण उंबऱ्याबाहेर नेतो आणि माणसांना लावू लागतो. एका कपड्यावरून माणूस ओळखला, एका आडनावावरून खानदान ओळखले, एका ऐकीव गोष्टीवरून सारी जमात ओळखली, असे म्हणतो. माणसे काही एका पातेल्यात शिजलेली नसतात. त्यांची आच वेगळी, पाणी वेगळे, हालअपेष्टा वेगळ्या. पुरते कळण्याआधीच मत बनवून मोकळे होणे ही साधी खोड वाटते, पण या खोडीने आपल्या महाराष्ट्रात माणसे मेली आहेत. म्हणून या आठवड्यात कुटुंबाच्या पानावर आम्ही हा विषय घेतला आहे.

आपल्याला हे कोणी शिकवायला नको

वाचकहो, न भेटता, न बोलता माणसाविषयी मत ठरवून टाकणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. गावात गुरे पटापट मरू लागली की रोगाचा शोध घेण्याआधी संशय महारवाड्यावर जायचा. शहरात आलो तरी तो संशय सुटला नाही. खोली भाड्याने पाहायला गेलेल्या माणसाला आधी पगार विचारत नाहीत, आडनाव विचारतात. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतात, गावावरून झाला नाही तर भिंतीवर कोणाचा फोटो लावता ते विचारतात. एवढे झाले की "खोली कालच गेली हो" हे उत्तर ठरलेले.

आपल्या किती तरी आयाबहिणी दुसऱ्यांच्या घरी धुणी-भांडी, स्वयंपाक करतात. मालकिणीची अंगठी सापडेना झाली की पहिले नाव कोणाचे निघते? अंगठी दोन दिवसांनी पलंगाखाली सापडते. पण ज्या बाईची पिशवी जिन्यात सर्वांदेखत उलटी केलेली असते, तिला कोणी काही भरून देत नाही.

बाबासाहेबांच्या आयुष्यातला बडोद्याचा प्रसंग आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. १९१७ साली ते परदेशातले शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी धर्मशाळेत उतरले. काही दिवसांनी हातात काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. दारात आलेल्या एकाही माणसाने त्यांची विद्वत्ता, त्यांचा स्वभाव, त्यांचे वागणे पाहिले नव्हते. एक गोष्ट कळली आणि तेवढ्यावर निकाल लागला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

ज्यांना याची झळ बसली त्यांनी इतरांच्या बाबतीत तरी हे करू नये, अशी अपेक्षा कोणीही करील. पण झळ बसल्याने शहाणपण आपोआप येत नाही. ज्या बाईची पिशवी सकाळी जिन्यात तपासली गेली, तीच बाई संध्याकाळी वस्तीत पाल ठोकलेल्या पारधी कुटुंबाकडे बोट दाखवून पोरांना म्हणते, "तिकडे जाऊ नका रे, चोर असतात ते." कोणी पाहिले? काय चोरले? कधी चोरले? विचारले तर उत्तर येते, "सगळे म्हणतात."

जन्मतःच गुन्हेगार

हे "सगळे म्हणतात" एकदा कायद्याच्या पुस्तकातही गेले होते. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. एखादी जमात गुन्हेगार आहे असे सरकारने जाहीर केले की त्या जमातीत जन्मणारे मूल पाळण्यातच संशयित ठरे. मोठ्या माणसांची नोंद, हजेरी, गाव सोडायला पास, पास नसेल तर शिक्षा. पुढे १९११ आणि १९२४ साली हा कायदा आणखी पसरवला आणि घट्ट केला. अनेक जमातींना तारेच्या कुंपणाआड वसाहतींत ठेवले. सोलापूरच्या जुन्या माणसांना 'सेटलमेंट' हा शब्द आजही समजावून सांगावा लागत नाही.

या कायद्यात माणसाने काय केले हा प्रश्नच नव्हता. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढे पुरे होते. आपल्या कानाला हे ओळखीचे वाटते की नाही? एकाला जन्मावरून अस्पृश्य ठरवले, दुसऱ्याला जन्मावरून चोर ठरवले. दोन्हीकडे पुरावा कोणी मागितला नाही.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हाही हा कायदा उठला नव्हता. अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. म्हणजे या बांधवांचे स्वातंत्र्य पाच वर्षे सोळा दिवस उशिरा उगवले. म्हणूनच ते ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली आले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पाठीवर शिक्का घेऊन जन्मलेल्या मुलाचे आयुष्य कसे जाते, हे त्यातून पांढरपेशा वाचकांना कळले.

कायदा गेला तरी शिक्का जाता जात नाही. तुरुंगांच्या नियमपुस्तकांत जातीप्रमाणे कामे वाटणारे आणि विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार धरणारे नियम राहूनच गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ते घटनाबाह्य ठरवले. मधल्या काळात बहात्तर वर्षे उलटली होती. चुकीचे मत बनायला एक क्षण पुरतो, ते पुसायला दोन-तीन पिढ्या लागतात.

राईनपाड्याचा रविवार

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे आदिवासी गाव आहे. रविवार होता, आठवड्याचा बाजार भरला होता. एस. टी. बसमधून काही परके लोक उतरले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. गावोगाव फिरून भिक्षा मागणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे होते. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त झाले. "पोरे पळवणारी टोळी आली" अशी हाकाटी उठली. बाजारचा जमाव धावला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारण्यात आले. पाच माणसे जागीच संपली.

ग्रामपंचायतीची खोली म्हणजे गावाच्या न्यायाची जागा. दोन प्रश्न विचारायला ती चांगली होती. नाव काय, गाव कोणते, एवढे विचारून मंगळवेढ्याला एक फोन केला असता तर पाच जीव वाचले असते. पण प्रश्न विचारण्याची गरजच कोणाला वाटली नाही, कारण उत्तर आधीच ठरले होते. अंगावरचे कपडे, खांद्यावरची झोळी, अनोळखी बोली, हाच पुरावा आणि हाच निकाल.

येथे आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. हे वाचून "आदिवासी लोक असेच रानटी" असे कोणी म्हणेल, तर तोही तीच चूक करील. त्या गावातल्या आयाबाप कित्येक दिवस धास्तीत होते. मोबाईलवर रोज येणाऱ्या संदेशांनी त्यांची झोप उडवली होती. त्यांची भीती खरी होती, भीतीचे कारण खोटे होते. त्या भीतीने पाच घरे उघडी पाडली आणि मागाहून अटकेच्या धास्तीने त्यांचे स्वतःचे गावही ओस पाडले.

कापलेली चित्रफीत

त्या काळात देशभर एक चित्रफीत फिरत होती. गल्लीत मुले क्रिकेट खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. पाहणाऱ्या आईच्या काळजाचे पाणी व्हावे असेच ते दृश्य. पण ती चित्रफीत मुळात पाकिस्तानातल्या कराचीची होती. मुलांची काळजी घ्या हे सांगण्यासाठी एका संस्थेकरिता मुद्दाम चित्रित केलेली. मूळ चित्रफितीत ते दोघे परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि संदेश लिहिलेला फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवटचा भाग कापून टाकला. उरलेला तुकडा "आपल्याच भागात घडले" असे सांगत गावोगाव गेला.

अर्धवट कळणे आणि मुळीच न कळणे यांतला फरक येथे दिसतो. ज्याला काहीच कळले नाही तो विचारतो. ज्याला अर्धे कळले तो मात्र सारे कळल्याच्या थाटात काठी उचलतो. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीने पाचची मर्यादा घातली तरी पहिला संदेश पाठवायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या अंगठ्यावरच आहे.

दोन वर्षे उलटली नाहीत तोच १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे तेच घडले. टाळेबंदीचे दिवस, चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याची अफवा, आणि जमावाच्या हातून दोन साधू व त्यांचा चालक असे तिघे मारले गेले. दुसऱ्याच दिवसापासून देशभर दुसरा निकाल सुरू झाला. हे अमुक धर्माच्या लोकांचे काम, असे संदेश धावू लागले. अखेर तेव्हाच्या गृहमंत्र्यांना जाहीर करावे लागले की, अटक झालेल्या १०१ जणांत त्या धर्माचा एकही माणूस नाही. न कळता मारणारे जसे चुकले, तसेच न कळता मारेकऱ्यांचा धर्म ठरवणारेही चुकले.

सावध राहणे वेगळे, निकाल देणे वेगळे

आमच्या भगिनी विचारतील, "मग आम्ही पोरांची काळजी करायची नाही का?" जरूर करायची. दाराला कडी लावा, मूल कोठे खेळते ते पाहा, वस्तीत नवा माणूस आला तर चौकशी करा. याला सावधगिरी म्हणतात. चौकशीच्या आधीच शिक्षा देणे याला सावधगिरी म्हणत नाहीत. सावध माणूस प्रश्न विचारतो आणि उत्तर ऐकायला थांबतो.

आणखी एक गोष्ट प्रत्येक आईने ध्यानात ठेवावी. आपली भीती नेहमी परक्या माणसाकडे बोट दाखवते. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत बालकांवरील बलात्काराची जी प्रकरणे नोंदली जातात, त्यांत दहापैकी नऊहून अधिक ठिकाणी आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. म्हणजे आपण झोळीवाल्याकडे डोळे वटारून पाहत असतो आणि धोका कित्येकदा ओळखीच्या दारातून येतो. म्हणून प्रत्येक नातेवाईकावर संशय घ्या असे आमचे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच की, मूल काही सांगू लागले तर "काका तसे नाहीत" असे म्हणून त्याचे तोंड बंद करू नका. ओळखीचा म्हणून चांगला, परका म्हणून वाईट, हेही पुरते कळण्याआधी बनवलेले मतच आहे.

मालेगावात वाचलेले पाच जण

राईनपाड्यात पाच जण मारले गेले त्याच १ जुलैच्या रात्री मालेगावातही असाच जमाव जमला होता. परभणीकडून आलेले एक कुटुंब, पाच माणसे, त्यांत दोन वर्षांचे लेकरू. तीच अफवा, तोच आरडाओरडा. पण तेथे काही स्थानिक माणसांनी त्यांना ओढून एका घरात घेतले आणि दार लावले. पोलीस आले. जमाव पोलिसांवरही उलटला, तरीही त्या पाचही जणांना सुखरूप बाहेर काढले गेले.

मालेगाव म्हटले की दंगल, एवढेच अनेकांना आठवते. त्या रात्री मालेगावच्याच माणसांनी अनोळखी गरिबांसाठी स्वतःच्या घराची ढाल केली. राईनपाड्यात आणि मालेगावात अफवा एकच होती, दिवस एकच होता. फरक पडला तो दोन-चार माणसांच्या "थांबा" म्हणण्याने. सारा जमाव शहाणा व्हावा लागत नाही, मध्ये उभे राहणारे थोडे लोक असावे लागतात. आपल्या वस्तीत ते कोण असतील, याचा विचार आजच करून ठेवावा.

घरात आणि वस्तीत काय करता येईल

पहिली सवय तीन वाक्यांची. "मी पाहिले", "मी ऐकले" आणि "मला वाटते" ही तीन वाक्ये वेगळी आहेत. घरात कोणी कोणाविषयी काही सांगू लागले की विचारावे, यांतले कोणते? शेजारची मुलगी रात्री दहाला घरी येते, हे पाहिले. ती कोणाबरोबर तरी फिरते, हे ऐकले. तिची चाल बरी नाही, हे वाटले. प्रत्यक्षात ती मुलगी दुकानातली दुसरी पाळी संपवून दोन बस बदलून येत असते आणि त्या पगारावर घरचा गॅस भरला जात असतो. पाहिलेले एवढेसे, त्यावर रचलेली माडी केवढी! जेवताना मुलांशी हा प्रश्नांचा खेळ खेळा. मुले तो फार लवकर शिकतात आणि मग मोठ्यांनाही पकडतात.

दुसरी सवय मोबाईलची. मूल हरवले, टोळी आली, अमक्या जातीच्या लोकांनी तमुक केले, असा संदेश आला तर तो कोणत्या गावचा, कोणत्या दिवसाचा, कोणी पाहिलेला, हे विचारावे. उत्तर नसेल तर तो पुढे पाठवू नये. खरेच मूल अडचणीत दिसले तर १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक आहे आणि पोलिसांसाठी ११२. दोन्ही क्रमांक घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

तिसरी सवय परक्या माणसाशी बोलण्याची. वस्तीत कोणी अनोळखी दिसला तर त्याला बसवा, पाणी द्या, नाव-गाव विचारा. शंका राहिली तर पोलिसांना कळवा आणि ते येईपर्यंत त्याच्याभोवती गर्दी होऊ देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी जमावाच्या हिंसेविरुद्ध सर्व राज्यांना कडक निर्देश दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून खून केला तर त्यातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप सांगितली आहे. गर्दीत मारलेली एक लाथही आपल्या पोराला जन्मभर तुरुंगात घालू शकते, हे तरुणांना स्पष्ट सांगा.

चौथी गोष्ट महिला मंडळांसाठी. ३१ ऑगस्टच्या विमुक्त दिनाला आपल्या भागातल्या पारधी, गोसावी, वडार, कैकाडी भगिनींना आपल्या विहारात बोलवा. भाषण नको, एकत्र चहा आणि त्यांच्या तोंडून त्यांची हकिकत. ज्या बाईशी आपण एकदा शेजारी बसून बोललो, तिच्याविषयी उद्या कोणी काही उठवले तर आपण आपोआप विचारतो, "तुला कोणी सांगितले?"

तो प्रश्न आपला जुना आहे

"तुला कोणी सांगितले, आणि तू स्वतः पडताळलेस का?" हा प्रश्न आपल्याला नवा नाही. केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते की, इतके लोक इतके काही सांगतात, खरे कोणाचे मानावे? ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरेने आले म्हणून मानू नका, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासा आणि ज्याने कोणाचे अकल्याण होते ते सोडा, असा त्या उपदेशाचा आशय आहे. आपल्या सभांतून कालाम सुत्ताचा दाखला नेहमी दिला जातो, पण बहुतेक वेळा तो दुसऱ्यांच्या पोथ्यांना लावण्यासाठी. तो आपल्या चाळीतल्या कुजबुजीला, नळावरच्या गप्पांना आणि हातातल्या मोबाईलला लावायला हवा. पोथी तपासणे त्या मानाने सोपे असते. शेजारणीने कानात सांगितलेली गोष्ट तपासायला जास्त धैर्य लागते.

राईनपाड्याच्या बाजारात त्या दिवशी शेकडो माणसे होती. त्यांच्यापैकी दहा जणांनी जरी हा प्रश्न मोठ्याने विचारला असता, तरी मंगळवेढ्याकडच्या घरांतली लेकरे आज बापाच्या फोटोला हार घालत नसती. तुमच्या मुलांना शाळेत गणित, इंग्रजी शिकवतील. हा एक प्रश्न मात्र त्यांना घरीच शिकवावा लागेल. तो आजच्या जेवणापासून शिकवा.

जयभीम!